वयनींचा बर्फ

उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, असा धडा मी शाळेत पंधरा वर्षं शिकवला. धडा चांगला आहे, त्यात चित्रंही आहेत. पण आमच्या गावातल्या एकाही मुलाला तो कधी खरा वाटला नसावा, कारण आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी जात नाही. आमच्याकडे येतात.

रत्नागिरीपासून एसटीनं पाऊण तासावर आमचं घर आहे. चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे विहीर, बाजूला आंब्याची बाग. एप्रिलची परीक्षा संपली की मुंबईची माणसं गाडीत बसतात आणि बसल्यावर फोन करतात, "निघालो हं." येऊ का, असं कोणी विचारत नाही, आणि कधी जाणार, असं आपण विचारायचं नसतं. ते विचारणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याच्या पाठीत धपाटा घालणं. शिवाय घर त्यांचंही आहे. सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावं आहेत. मोठे दीर बाग बघतात, मधले मुंबईला असतात, आणि धाकटा तो माझा नवरा, रत्नागिरीत कचेरीत जाऊन-येऊन करतो. मे महिन्यात मधले दीर, त्यांची बायको, दोन मुलं, ठाण्याची नणंद, तिची चार माणसं, असे नऊ जण येतात. एखाद्या वर्षी कोणाचा तरी मित्र येतो, त्याला आमचा समुद्र बघायचा असतो.

माणसं वाईट नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचा गैरसमज होईल. येताना मिठाई आणतात, मुलीला कपडे आणतात, प्रेमानं बोलतात. पण आली की बसतात. पडवीत वारा चांगला लागतो, त्यालाही काही इलाज नाही.

आणि आत आम्ही दोघी, मोठी जाऊ आणि मी. मोठ्या जावेला सगळं घर वयनी म्हणतं, म्हणून मीही वयनीच म्हणते. सकाळी घावने, मग न्याहारीला उशिरा उठलेल्यांचे वेगळे घावने, मग मासे, भात, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी, मग आमरस, मग चारचा चहा, मग फणस कोणी फोडायचा, मग रात्रीचं. त्याच महिन्यात आंबापोळ्या घालायच्या, आमसुलं वाळवायची, पावसाची बेगमी भरायची आणि बागेतल्या गड्यांची जेवणं. मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली. वयनी एकोणिसाव्या वर्षी आल्या, आता अठ्ठावन्न आहेत. म्हणजे त्यांचे एकोणचाळीस मे झाले. मी शिक्षिका असल्यामुळे मोजते, त्या मोजत नाहीत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वयनींचे गुडघे दाखवायला मी त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, दोन्ही गुडघे गेलेत, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू. मग वयनींचा चेहरा बघून जरा मऊ आवाजात म्हणाले, "त्याआधी कुठे फिरून यायचं असेल तर या, आजी. नंतर डोंगरबिंगर चढू नका."

आजी म्हटल्याचं वयनींना लागलं, ते त्या एसटीत बसेपर्यंत बोलत होत्या. मग गप्प झाल्या. हातखंब्याच्या पुढे गेल्यावर एकदम म्हणाल्या, "तो बर्फ मे महिन्यातपन असतो काय गो?"

मला लगेच कळलं नाही. मग फ्रीज आठवला.

आमचा फ्रीज जुना आहे. वरच्या कप्प्यात बर्फ धरतो, इतका की दार लागत नाही. दर शनिवारी तो बंद करून, बाहेर काढायच्या त्या वस्तू काढून, वयनी उलथन्यानं बर्फ खरवडतात. मधेच एक मूठभर हातात घेऊन तो पाणी होईपर्यंत बघत बसतात. वर्षभरापूर्वी अशाच एका शनिवारी त्यांनी मला विचारलं होतं, "त्या हिमालयात असाच पडून असतो काय?"

"असाच."

"आणि काढायचा नसतो?"

"कोण काढणार? पडला की तिथंच राहतो."

"बरं हाय मग," वयनी म्हणाल्या, आणि पुन्हा खरवडायला लागल्या.

मी ते विसरून गेले होते. त्या विसरल्या नव्हत्या. एसटीत मी त्यांना सांगितलं की मनालीच्या वर मे महिन्यातही बर्फ असतो, गाडी अगदी जवळ जाते, फार चालावं लागत नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर नुसते करपलेले कातळ होते. "लहान होते तेव्हा पोफळीला मामाकडे गेल्तं," त्या म्हणाल्या. "मामा कॉलनीत ऱ्हायचा. तिथं सकाळी तोंडातनं वाफ यायची. तेवढीच थंडी बघितलीय मी."

त्यांचं माहेर खेडजवळचं. लग्नानंतर त्या एकदा आंजर्ल्याच्या गणपतीला गेल्या आणि एकदा नणंदेच्या बाळंतपणाला मुंबईला, तेही स्वयंपाक करायला. एवढाच त्यांचा प्रवास. मी एसटीत बसल्या बसल्या ठरवलं की या मे महिन्यात वयनींना बर्फ दाखवायचा. ठरवताना फार बरं वाटलं. ठरवायला काय लागतं!

घरी सगळ्यांना आवडलं. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिनं त्याच संध्याकाळी यादी केली. नवऱ्यानं फोनवर नकाशे उघडले. साठ दिवस आधी तिकिटं काढावी लागतात, चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून गाडी, मधे एक मुक्काम, हे सगळं त्यानं मला तीन वेळा समजावून सांगितलं, जणू मीच गाडी चालवणार होते. मोठ्या दिरांना आंबा सोडून येता येणार नव्हतं. त्यांना वयनींबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊदे की. मी कुठं नको म्हणतोय?" आणि टॉर्च घेऊन बागेत गेले. आमच्या घरात एवढ्याला आनंदानं परवानगी दिली असं म्हणतात.

बागेत राखणीला नेपाळचं एक जोडपं असतं. त्यातल्या बाईला वयनींनी जाऊन सांगितलं की आम्ही तुमच्या डोंगरात चाललो. ती हसायलाच लागली. "वहाँ क्या है, भाभी? ठंड है बस." डोंगर सोडून ती आमच्या उकाड्यात आली होती आणि आम्ही उकाडा सोडून तिच्या डोंगरात निघालो होतो. तरी दुसऱ्या दिवशी ती एक लाल लोकरीचा स्वेटर घेऊन आली, स्वतः विणलेला. आमच्या घरात गरम कपडा म्हणून एक कानटोपी होती, ती मोठे दीर शिमग्यात पालखीबरोबर फिरताना घालतात. वयनींनी स्वेटर घालून बघितला, बाहेर पस्तीस डिग्री असेल. घामानं निथळल्या, पण काढेनात.

मार्चमध्ये चार तिकिटं निघाली. वयनी, मी, नवरा, मुलगी. दहा मेची गाडी.

आता एकच काम उरलं होतं. मुंबईला सांगायचं की यंदा येऊ नका.

हे काम लहान आहे असं ज्याला वाटतं तो आमच्याकडचा नाही. रात्रीची जेवणं झाल्यावर आम्ही यावर जितक्यांदा बसलो तितकं तर मुलीच्या कॉलेजसाठीही बसलो नव्हतो. मोठे दीर म्हणाले, "मी थोरला. मी भावाला घरात येऊ नको म्हणू? बाबा वर बसून बघतायत." नवरा म्हणाला, "मी धाकटा. मी बोललो तर उलट बोलल्यासारखं होईल." वयनी म्हणाल्या, "मी बोलले तर आयुष्यभर हेच म्हणतील, वयनीला आमचं यायचं जड झालं." मग तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी वर्गात चाळीस मुलांना गप्प करते, म्हणून माझ्याकडे.

सरळ सांगायला काय हरकत होती? वयनींचे गुडघे आहेत, त्यांना बर्फ बघायचा आहे, तर यंदा तुम्ही दुसरीकडे जा. दोन वाक्यं. पण ती दोन वाक्यं आमच्या घरात कोणाच्या तोंडून निघत नाहीत. आमची मती बहाण्यांकडेच धावते. घराला रंग काढलाय म्हणून सांगू या, असं नवऱ्यानं सुचवलं. मी म्हटलं, तर ते रंग पसंत करायला येतील. विहीर आटली म्हणू या, मुलगी म्हणाली. तर मधले काका टँकर पाठवतील. घरात सगळ्यांना कांजिण्या आल्यात असं सांगू या, असं मी शेवटी म्हटलं, त्यावर कोणाला हसू आलं नाही.

शिमग्याला मुंबईची माणसं आली होती. तोंडासमोर होती. दोन दिवस पालखी, ढोल, पुरणपोळ्या. मी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा, "अजून एक पोळी घ्या" म्हणाले.

मग मी फोनवर घरच्या ग्रुपात लिहायचं ठरवलं. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. "यंदा मे महिन्यात आम्ही घरी नसू" असं लिहून मी अर्धा तास ते वाचत बसले. मला ते स्वतःलाच उद्धट वाटलं. पाडवा झाला, रामनवमी झाली. वयनी विचारत नव्हत्या. रोज संध्याकाळी चुलीपुढे नुसत्या माझ्याकडे बघायच्या आणि मी म्हणायचे, "उद्या." तो लाल स्वेटर घडी घालून कपाटात त्यांच्या लग्नातल्या शालूवर ठेवला होता.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारी, फोन मुंबईहूनच आला.

वयनी कोवळा फणस चिरत विळीवर बसल्या होत्या, हात तेलानं माखलेले. मी भांडी पुसत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. मुंबईच्या जाऊबाई होत्या. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "अगं, एक विचारायचं होतं. मुलं यंदा म्हणतायत की कुठेतरी बाहेर जाऊ या. तर आम्ही आलो नाही यंदा, तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? की येऊ नेहमीसारखे?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं. नुसतं विचारलं नव्हतं, दार उघडून धरलं होतं. मला फक्त "जा ना, मजा करा" एवढं म्हणायचं होतं.

आणि मी म्हणाले, "अहो, असं काय विचारता? न यायला झालंय काय? घर तुमचंच आहे. या, या! आंबे कोण खाणार?"

हे मी म्हणाले. कोणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. मला विचार करायला वेळच मिळाला नाही असंही नाही, कारण मला बोलताना ऐकू येत होतं. तोंड आपलं आपण चालत होतं, आणि वर प्रेमानं हेलही काढत होतं. पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "बरं बाई. तुम्ही एवढं म्हणताय तर येतो. मुलांना समजावते मी."

फोन ठेवला. मी वयनींकडे बघायला धजत नव्हते. विळीचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला. त्या म्हणाल्या, "बरोबर बोललंस. दुसरं काय बोलणार?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या जागी त्या असत्या तर त्यांनाही तेच बोलावं लागलं असतं, हे त्या मनापासून म्हणत होत्या. ते ऐकून मला जास्त राग आला. त्यांचा नाही, माझा. आणि या घराचा, आणि त्या "या, या" चा.

पुन्हा फोन करून सांगता आलं असतं. नवरा म्हणाला, कर ना. मी म्हटलं, तूच कर. तो म्हणाला, आता बोलावून झाल्यावर नको म्हणायचं? मोठ्या दिरांनी ऐकलं आणि म्हणाले, "देवाच्या मनात नसेल." मी म्हटलं, देवाला मधे घेऊ नका, फोन मी उचलला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर वयनी बागेकडून परत येत होत्या. स्वेटर परत द्यायला गेल्या होत्या. त्या नेपाळी बाईनं तो घेतला नव्हता, म्हणून तो तसाच त्यांच्या हातात होता. "नको म्हनते ती," वयनी मला म्हणाल्या. "पुढल्या वर्षी जावा म्हनते." पुढल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यात स्टील असणार होतं.

मी तिथं अंगणातच सांगितलं, "तुम्ही जा. मी राहते."

लोक याला त्याग वगैरे म्हणतात. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला लाज वाटत होती आणि मी चिडले होते, आणि चिडल्यावर मी असली वाक्यं बोलते. बोलून झाल्यावर मला स्वतःला धक्का बसला. मी पण बर्फ बघितला नव्हता. माझीही पिशवी भरायची होती. मुलगी पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार, तिच्याबरोबरची ही शेवटची सुट्टी असेल असं मी मनात धरलं होतं. पण शब्द तर बाहेर पडला होता.

वयनी नाहीच म्हणत होत्या. चार दिवस नाही म्हणाल्या. जाणं चुकीचं आहे म्हणून नाही, दिराबरोबर जायला संकोच होता म्हणूनही नाही, माझ्या नवऱ्याला त्यांनी चड्डीत बघितलंय. त्यांचं म्हणणं एकच होतं. "तुला एवढ्या माणसांच्या भाकऱ्या जमायच्या नायत."

हे मला लागलं. बावीस वर्षं मी त्या चुलीपुढे उभी आहे. पण खरं सांगायचं तर भाकऱ्या त्याच करतात. मी वर काढून दुरड्यात ठेवते.

"जमतील," मी म्हटलं. "नाही जमल्या तर भात खातील."

नवऱ्यानं माझं तिकीट रद्द केलं. मग वयनींनी जायची तयारी सुरू केली, म्हणजे मी एकटी राहणार त्याची तयारी. पिठं दळून आणली. मसाला कुटून भरला. बरण्यांवर कागद चिकटवून माझ्या मुलीकडून नावं लिहून घेतली, जणू मी त्या घरात काल आले होते. खारवलेले आंबे, कुळथाचं पीठ, पापड, तांदळाच्या फेण्या. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत त्या कामातच होत्या, गुडघे सुजलेले. मला भीती वाटायला लागली की ही बाई तयारी करून करूनच आडवी होणार.

आठ मेला मुंबईची माणसं आली. वयनी प्रवासाला चालल्यात हे ऐकून त्यांना खरंच आनंद झाला. मी का जात नाही, असं विचारलं तर मी शाळेचं काम सांगितलं. "अरेरे," मुंबईच्या जाऊबाई म्हणाल्या. "पण बरं झालं, आम्हाला तुझी सोबत तरी होईल."

दहा तारखेला रत्नागिरी स्टेशनावर मी वयनींना सोडायला गेले. मे महिन्याच्या दुपारी त्यांनी तो लाल स्वेटर हातावर घेतला होता, पिशवीत ठेवला तर चुरगळेल म्हणून. गाडी आली. दारात उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, "साधं मीठ खालच्या डब्यात, खडं मीठ वरच्या. आनि सकाळी आधन आधी ठेव, मग दात घास." गाडी हलली तरी त्या काहीतरी सांगतच होत्या. मला फक्त हात हलताना दिसला.

मी परत आले आणि मे सुरू झाला.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. थकवा लिहून दाखवता येत नाही, लिहिला की तो तक्रारीसारखा दिसतो. पहाटे पाचला आधण, मग पीठ, मग नऊ जणांचे घावने. तवा एक, माणसं नऊ, आणि प्रत्येकाला गरम हवा. दुपारी भात उपसेपर्यंत गड्यांचे डबे. एक दिवस मी मीठ दोनदा घातलं, एक दिवस घातलंच नाही. भाकऱ्या मला खरंच जमल्या नाहीत. पहिल्या दिवशी नकाशे झाले, नणंदेच्या मुलानं त्यातला एक ओळखलाही. कोणी नाव ठेवलं नाही. "वयनींच्या हाताची चव वेगळीच," एवढंच सगळे प्रेमानं म्हणायचे, आणि दुसरी घ्यायचे.

मदत करू का, असं मुंबईच्या जाऊबाई विचारायच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून, पदर खोचून विचारायच्या. आणि मी म्हणायचे, "छे हो, तुम्ही चार दिवस आलाय, बसा." हेही माझंच तोंड. वयनींबद्दल मी काय बोलू?

दोन्ही वेळच्या जेवणांच्या मधे मी विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसायचे आणि मला मुलीचे फोटो यायचे. गाडीतल्या खिडक्या. पिवळी शेतं. दरी. वयनी एका ढाब्यावर, ताटाकडे संशयानं बघताना. मला त्यांचा हेवा वाटत होता हे मी कबूल करते. त्यांना मीच पाठवलं होतं आणि मलाच त्यांचा हेवा वाटत होता. एकदा मी फोन उलटा करून ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन सगळे पडवीत पत्ते खेळायला बसले होते आणि मी मागच्या दारी भांड्यांपुढे बसले होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. मुलीनं फोन धरला होता. मागे सगळं पांढरं होतं, इतकं की डोळे मिटावेत. मधे वयनी, लाल स्वेटर, कानटोपी, एका दगडावर बसलेल्या. त्यांनी मूठभर बर्फ उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"बघितलंस? हाताला चिकटत नाय गो. आमच्या फ्रीजमधला चिकटतो."

मी म्हटलं, "थंडी वाजते का?"

"वाजते. बरी वाजते." मग त्यांनी विचारलं, "जेवणं झाली? तू काय करतंस?"

"भांडी."

"दाखव."

मला वाटलं, भांडी नीट घासत्येय का ते बघायचं असेल. मी कॅमेरा फिरवला. मोठा टोप, भाताची दोन पातेली, कढया, नऊ ताटं, बारा वाट्या, सोलकढीचे पेले, माशांचा तवा, वर माश्या. त्याच्या पलीकडे आंबापोळीची सुपं उन्हात. दारातून आत, ओट्यावर फणसाच्या साली, चारखंडं, चहाची भांडी, दुरडं. मी हळूहळू सगळं फिरवून दाखवलं. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, फोन तुटला.

मग वयनींचा आवाज आला, बारीक.

"एवढं असतं काय गो?"

मी कॅमेरा तसाच भांड्यांवर धरून ठेवला.

"मी कधी लांबनं बघितलंच नाय," त्या म्हणाल्या. "रोजचं असतं म्हणून मी म्हटलं, असेल एवढंच. एवढं असतं?"

मी फोन पुन्हा माझ्याकडे फिरवला तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दुसरीकडे बघत होत्या, बर्फाकडे. पण रडत होत्या की नुसतं थंडीनं पाणी येत होतं, ते मला कळलं नाही. माझं मात्र कळलं. राखेच्या हातानं डोळे पुसू नयेत, ते मी पुसले.

"ती भांडी ठेव तशीच," वयनी एकदम म्हणाल्या. सासूच्या आवाजात म्हणाल्या, तो आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "उठ. भायेर जाऊन बस."

"मग कोण करणार?"

"मी हितं हाय. तू बसलंस. बघूया कोण करतंय ते."

फोन बंद झाला. मी हात धुतले, पदराला पुसले आणि घरातून पडवीत गेले. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कोणाचा तरी टॉवेल होता. तो बाजूला ठेवून बसले. पत्ते चालू होते. वारा खरंच चांगला होता. बावीस वर्षांत मी मे महिन्यातल्या दुपारी तिथं कधी बसले नव्हते.

थोड्या वेळानं मुंबईच्या जाऊबाईंनी पत्त्यांवरून मान वर केली. "चहा टाकतेस ना गं?"

"नाही," मी म्हटलं.

एवढंच. पुढे कारण नव्हतं, हसणं नव्हतं. मला माझाच आवाज परका वाटला. पत्ते थांबले. मधल्या दिरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्या बायकोकडे. नणंद हातातली पानं उगाच लावत बसली. "बरं वाटत नाही का?" कोणीतरी विचारलं. "दमलेय," मी म्हटलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. बराच वेळ कोणी उठलं नाही, तेही सांगायला हवं.

मग मुंबईच्या जाऊबाई उठल्या. पदर खोचून आत गेल्या. आतून डबे उघडल्याचे, झाकणं लावल्याचे आवाज येत राहिले.

"साखर कुठे असते गं?" त्यांनी आतून विचारलं. त्यांना या घरची सून होऊन तीस वर्षं झाली होती.

मी उठले नाही. "खिडकीखालच्या फळीवर," मी बसूनच सांगितलं. "निळं झाकण."